ग्रंथांचे घर : राजगृह ते नागसेनवन

मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ नावाची वास्तू आहे. प्राचीन मगधाच्या राजधानीचे नाव धारण करणारे हे घर १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. घर बांधताना माणूस आधी मुलाबाळांच्या निवाऱ्याचा विचार करतो. या घराचा आराखडा आखताना मात्र ग्रंथांचाही तितक्याच आस्थेने विचार झाला. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत न मावणाऱ्या ग्रंथांना हक्काची जागा मिळावी आणि त्यांच्या सान्निध्यात रात्रंदिवस अभ्यास करता यावा, यासाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्जाचे ओझे सोसून हे घर बांधले.

बाबासाहेबांची चरित्रे पुष्कळ आहेत आणि आपल्या वाचकांना त्यातील प्रमुख प्रसंग मुखोद्गत आहेत. या लेखात त्यांच्या आयुष्याचा एकच धागा हाती घेतला आहे, तो म्हणजे माणूस आणि त्याच्या मालकीचा ग्रंथ यांच्या नात्याचा. याला कारणही तसेच आहे. सगळी पुस्तके मोबाईलवर मिळत असताना ती विकत कशाला घ्यायची, असा प्रश्न आज पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपदेशातून देण्यापेक्षा एका आयुष्यातून शोधणे अधिक बरे.

वाचनाची किंमत

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ हे लष्करातील सुभेदार आणि लष्करी शाळेतील शिक्षक. त्यामुळे घरात अक्षरांना मान होता. बाहेर मात्र निराळे जग होते. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपाई हजर नसला तर तहान मारून बसावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांनी संस्कृत घेण्याची इच्छा धरली, तेव्हा तो विषय त्यांना नाकारण्यात आला आणि फारसी घ्यावी लागली. पुस्तक समोर आहे, वाचण्याची बुद्धी आहे, पण ते उघडण्याची परवानगी दुसऱ्याच्या हाती आहे, हा अनुभव त्यांना विद्यार्थिदशेतच आला. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या बळावर केला आणि जे ग्रंथ आपल्यासाठी बंद ठेवले गेले होते ते मुळातून तपासले.

परळच्या चाळीतल्या त्या दिवसांत रामजीबाबांनी मुलाच्या पुस्तकांसाठी काय केले, हे प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावे असे आहे. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. भीमरावांना एखादे पुस्तक हवे झाले आणि हाती पैसा नसला, की ते लग्न झालेल्या लेकीच्या घरी जात, तिच्याकडून पैसे किंवा एखादा दागिना मागून घेत, दागिना सावकाराकडे गहाण ठेवून पुस्तक आणत आणि वेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत. घर इतके अपुरे होते की मुलाला रात्रीच्या उत्तरार्धात अभ्यास करता यावा म्हणून वडील आधी जागत आणि मग त्याला उठवीत. त्या घरात आलेल्या प्रत्येक पुस्तकामागे वडिलांची जागरणे आणि बहिणींची माया होती.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यानिमित्त सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला. चर्नी रोडच्या बागेत एकाग्रपणे वाचत बसणारा हा मुलगा शिक्षक व ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या नजरेत आधीच भरला होता. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याच्या हाती ठेवलेले ते एक पुस्तक होते. त्याचा पुढचा प्रवास किती दूरवर गेला, ते या लेखाच्या अखेरीस पाहू.

दोन हजार ग्रंथ आणि एक बुडालेले जहाज

१९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना कोणी दार अडवले नाही. ग्रंथालय उघडण्याच्या वेळेपासून बंद होईपर्यंत ते तेथे बसत. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे आणि त्यातच आपला खर्च भागवायचा, अशी ओढाताण असतानाही जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. भारतात पोहोचवण्यासाठी हा संग्रह एका मित्राकडे सोपवला होता. त्यातील सर्व ग्रंथ काही त्यांच्या हाती लागले नाहीत.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पहिल्या महायुद्धाचा तो काळ. ते स्वतः एका जहाजाने निघाले आणि सामान व ग्रंथ दुसऱ्या जहाजाने. जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात ते दुसरे जहाज बुडाले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्रतळाशी गेले. नुकसानभरपाईपोटी सहाशे रुपये मिळाले, त्यातूनच बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याचा खर्च निघाला.

बडोद्यात जे घडले ते सर्वज्ञात आहे. राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. त्या निर्मनुष्य, अंधाऱ्या जागेत कंदिलाच्या मंद प्रकाशात एकाकीपणा विसरण्यासाठी ते वाचनात बुडून जात. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. परदेशी पदव्या मिळवलेल्या त्या विद्वानाला शहरात आसरा मिळाला नाही. ग्रंथ ठेवायला आणि ते वाचायला आपले घर हवे, ही राजगृहामागची तळमळ समजून घ्यायची असेल तर बडोद्याचे ते दिवस आठवावेत.

उसने वाचन आणि मालकीचे वाचन

मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय ही त्या काळातील त्यांची खरी निवासस्थाने होती. अर्धपोटी राहून, भाड्याचे पैसे वाचवण्यासाठी पायी चालून ते तेथे पोहोचत. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. त्या प्रबंधासाठी लागलेली असंख्य कागदपत्रे आणि अहवाल बाबासाहेबांना कधीही विकत घेता आले नसते. ते सार्वजनिक ग्रंथालयांतच मिळाले. म्हणजे त्यांच्या विद्वत्तेचे दोन पाय होते. एक पाय सर्वांसाठी खुल्या असलेल्या ग्रंथालयात आणि दुसरा स्वतःच्या कपाटात. आजच्या मोबाईलच्या पडद्याची तुलना करायचीच तर ती त्या लंडनच्या ग्रंथालयाशी करावी. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्यासाठीही तो उघडा असतो. त्याला हिणवण्याचे कारण नाही. मात्र बाबासाहेब एका पायावर उभे राहिले नाहीत, हेही तितकेच खरे.

ग्रंथखरेदीच्या या व्रताची झळ कोणाला लागली, हेही सांगितले पाहिजे. पती परदेशी असताना माता रमाईंनी चाळीत हलाखीत संसार ओढला, अपत्यांचे मृत्यू सोसले. त्या राजगृहात राहायला आल्या, पण २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. राजगृहाच्या ग्रंथसंपदेत रमाईंचाही वाटा आहे. ग्रंथांच्या कपाटासमोर उभे राहताना तो विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

राजगृहाच्या वरच्या मजल्यावर हजारो ग्रंथ होते. कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र, धर्मशास्त्रे, चरित्रे असा तो पसारा होता. पैशाची निकड झाली तेव्हा त्यांनी आपली दुसरी इमारत विकली, पण ग्रंथांचे घर राखले. वाचताना हाती पेन्सिल असे. त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्युई यांच्या ग्रंथांच्या प्रतींवर त्यांनी लाल-निळ्या पेन्सिलीने केलेल्या खुणा आजही अभ्यासकांना पाहायला मिळतात. कोणता विचार त्यांनी स्वीकारला, कोणत्या ओळीपाशी ते थांबले, याचा माग त्या खुणांवरून लागतो. एका माणसाने दुसऱ्या माणसाशी केलेला तो संवाद शंभर वर्षे टिकून आहे, कारण ती प्रत त्यांची स्वतःची होती.

ग्रंथांवर जीव असला तरी त्यांनी ग्रंथांची अंधभक्ती केली नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. छापील अक्षरे आहेत म्हणून ती पूज्य ठरत नाहीत. वाचून, पारखून, मानवी समतेच्या कसोटीवर घासून स्वीकारायची किंवा नाकारायची असतात, हे त्यांनी समाजाला शिकवले. पडद्यावर दिवसभर येणाऱ्या मजकुराच्या बाबतीत हीच शिकवण आज आपल्याला अधिक निकडीने हवी आहे.

न झालेले भाषण

१९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्षपद देऊ केले. भाषणाचा मसुदा पाहून आयोजक अस्वस्थ झाले आणि काही भाग वगळण्याचा आग्रह धरू लागले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अखेर परिषदच रद्द झाली. व्यासपीठ दुसऱ्याचे होते, ते त्याने काढून घेतले. तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली आणि लवकरच अनेक भारतीय भाषांत त्याची भाषांतरे झाली. ‘जातिनिर्मूलन’ या नावाने आपण ओळखतो तो हाच ग्रंथ. सभागृहात ते भाषण एकदाच ऐकले गेले असते. घरोघरी पोहोचलेल्या प्रती परत मागवण्याची सोय मात्र कोणत्याही आयोजकाकडे नव्हती.

या घटनेशेजारी आपल्या काळातील एक घटना ठेवून पाहावी. २००९ साली अमेझॉन या कंपनीने किंडल या वाचनयंत्रावर ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके, त्यांची विक्री हक्काविना झाल्याचे कळल्यावर, दूरवरूनच पुसून टाकली. पैसे परत दिले, पण पुस्तक गेले. त्यातील एक कादंबरी होती ‘१९८४’. नको असलेला मजकूर नष्ट करणाऱ्या सत्तेची ती कथा आहे. पडद्यावर विकत घेतलेले पुस्तक बहुधा आपल्या मालकीचे नसते, आपल्याला ते वाचण्याची परवानगी मिळालेली असते. इतरांना यात केवळ गैरसोय दिसेल. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ उघडण्याचीच परवानगी नव्हती, त्याने परवानगी या शब्दाकडे सावधपणे पाहिले पाहिजे.

कपाटातून समाजाकडे

राजगृहातील ग्रंथ बाबासाहेब सहजासहजी कोणाला नेऊ देत नसत. तरीही या संग्रहाचा शेवट एका घराच्या चार भिंतींत झाला नाही. ग्रंथालये आणि वसतिगृहे उघडणे हे १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांतच होते. १९२५ मध्ये सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. आपल्या निवासी शाळेसारख्या संस्थांची वंशावळ तेथपर्यंत जाते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, आणि त्यांच्या खासगी संग्रहाचा मोठा भाग त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेला. जे ग्रंथ ते डोळ्यांत तेल घालून जपत होते, ते त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती सोपवले. द्यायला आधी आपल्याजवळ काही असावे लागते.

त्यानंतर त्यांची दृष्टी आपल्या मराठवाड्याकडे वळली. १९४८ मध्ये हा प्रदेश निजामी राजवटीतून मुक्त झाला होता. उच्च शिक्षणासाठी येथील मुलाला हैदराबाद गाठावे लागे. खेड्यातील दलित मुलाला तर तो विचारही परवडणारा नव्हता. १९५० च्या जून महिन्यात तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. पुढे महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन त्याचे समाधान होईपर्यंत उत्तरे देतात, अशी ‘मिलिंद प्रश्न’ या पाली ग्रंथाची रचना आहे. ग्रंथाच्या नावावरून महाविद्यालयाचे आणि परिसराचे नामकरण करणारा संस्थापक विद्यार्थ्यांना काय सुचवीत होता, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांच्या घरात छापील कागद येई तो किराणा बांधून, अशी मुले नागसेनवनात आली. वसतिगृहात राहिली, ग्रंथालयात बसली आणि काही वर्षांतच स्वतः लिहू लागली. मिलिंद महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक दलित साहित्याचे हक्काचे व्यासपीठ बनले. आधी वाचनाचा, मग लेखनाचा आणि नंतर आपल्याच नियतकालिकाच्या मालकीचा असा हा मार्ग या शहराने पाहिला आहे.

शेवटची रात्र आणि त्यानंतर

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित पाने जवळ मागवून घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथाच्या उगमाविषयी लिहिताना, केळुसकर गुरुजींनी विद्यार्थिदशेत दिलेल्या बुद्धचरित्रापासून आपण धम्माकडे कसे वळलो, हे त्यांनी कृतज्ञतेने नमूद करून ठेवले आहे. १९०७ साली हाती आलेले एक पुस्तक एकोणपन्नास वर्षे त्यांच्या मनात काम करीत राहिले, आणि त्याच्या अखेरीस लाखो लोक धम्मात आले.

त्यांच्या मागे राहिलेली अप्रकाशित हस्तलिखिते दीर्घकाळ पेट्यांत बंद होती. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. वसंत मून यांनी या कामी आयुष्य वेचले. १९८७ मध्ये आलेल्या चौथ्या खंडावरून वादळ उठले, तेव्हा तो वगळला जाऊ नये म्हणून मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. एका पुस्तकासाठी एवढा जनसमुदाय रस्त्यावर उतरल्याची उदाहरणे जगात विरळाच. पुढे खंडांची छपाई रेंगाळली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. छापील खंड दुर्मीळ झाले तेव्हा वाचकांना पडद्यानेच आधार दिला. आज हे खंड मोबाईलवर विनामूल्य उतरवून घेता येतात. दूरच्या तांड्यावरचा विद्यार्थी मध्यरात्री बाबासाहेबांचे लेखन शोधू शकतो, हवा तो शब्द क्षणात काढू शकतो. या सोयीचे आपण मनापासून स्वागत केले पाहिजे.

पण पडद्यावरचे पुस्तक ज्याच्या खिशात त्याच्यापुरतेच राहते. घरातल्या फळीवरचे पुस्तक धाकट्या बहिणीला सहज दिसते, आजी त्यावरची धूळ पुसते, पाहुणा ते चाळतो. पहिल्या पानावरील नाव आणि तारीख सांगते, की या घरात वाचन केव्हापासून आले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि १४ जानेवारीला नामविस्तार दिनी आपल्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी पुस्तकांच्या दुकानांवर उसळणारी गर्दी हेच जाणते. दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस तेथून एक पुस्तक घरी नेतो. कदाचित ते त्याला स्वतःला वाचता येत नसेल. पण त्याच्या घरात ते वाचणारे कोणी तरी आहे किंवा उद्या असणार आहे.

म्हणून पालकांच्या प्रश्नाला उत्तर असे, की मोबाईलवर जरूर वाचू द्या. लंडनच्या ग्रंथालयात बाबासाहेब बसले तसे मुलांना त्या अफाट भांडारात बसू द्या. त्याच वेळी घरात एक फळी ठोका आणि वर्षाकाठी चार पुस्तके तिच्यावर येऊ द्या. चैत्यभूमीवर हार-फुलांऐवजी एक वही, एक पेन वाहण्याची प्रथा आपल्याकडे रुजते आहे. तिच्यात एका पुस्तकाची भर घालता येईल. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या संग्रहातील एक वाचलेले, खुणा केलेले पुस्तक स्वतःचे नाव लिहून शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावे. तुमच्या पेन्सिलीच्या खुणा पाहून एखादा मुलगा किंवा मुलगी विचारील, की या ओळीपाशी हा माणूस का थांबला असेल? नागसेनवनाच्या या शहरात एवढा एक प्रश्न एखाद्या मुलाच्या मनात उठला, तरी त्या पुस्तकाचे मोल वसूल झाले असे समजावे.

जय भीम! नमो बुद्धाय!